दफ्तर आणि पोथी : आपल्या डिजिटल नोंदी का हरवतात, कशा टिकवाव्यात

बडोद्यातील एखाद्या जुन्या मराठी मंडळाचे कपाट उघडले, तर साधारण असे दिसते. सर्वांत खालच्या फळीवर कापडी बांधणीच्या इतिवृत्ताच्या वह्या. त्यावर छापील स्मरणिका. त्यावर फोटोंचे अल्बम, मग कॅसेटी, मग प्लॅस्टिकच्या डब्यात फ्लॉपी आणि सीडी. सर्वांत वरची फळी रिकामी असते, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांची नोंद कुणाच्या मोबाइलमध्ये, कुणाच्या लॅपटॉपवर, तर कुणाच्या ई-मेल खात्यात असते.

खालच्या फळीवरची वही आजही उघडून वाचता येते. स्मरणिका वाचता येते. कॅसेट ऐकायची तर आधी टेपरेकॉर्डर शोधावा लागतो. फ्लॉपी कुठल्याच नव्या संगणकात जात नाही. म्हणजे फळी जितकी वरची आणि नोंद जितकी अलीकडची, तितकी ती हाती लागणे अवघड. असे का होते आणि त्यावर मंडळांना व घरांना काय करता येईल, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

टिकण्याच्या दोन जुन्या रीती

मराठीत जुनी नोंद दोन रीतींनी आपल्यापर्यंत आली आहे. एक दफ्तराची रीत. हिशेब, पत्रे, सनदा, महजर मोडीत लिहून रुमालात बांधले जात आणि कोठीत ठेवले जात. पुढे त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही तरी वाळवी, पाऊस आणि आग यांतून जे वाचले ते शंभर-दोनशे वर्षे राहिले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि लोकांच्या घरांत पडून असलेले असे कागद गोळा करून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले. बडोद्याशी नाते असलेले उदाहरण रियासतकार गो. स. सरदेसाई यांचे. सयाजीराव महाराजांच्या चाकरीत त्यांची तीन तपांहून अधिक वर्षे गेली. निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद निवडून त्यांचे ४५ खंड संपादित केले. ते कागद शतकभराहून अधिक काळ रुमालांत बांधलेले होते. गाठ सोडली आणि मोडी जाणणाऱ्या माणसाने ते वाचले.

दुसरी रीत पोथीची. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास सांगितली गेली. तिची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. ती टिकली ती पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या नकलांमुळे. नकला करताना पाठ बिघडत गेले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती मिळवून पाठ शुद्ध केला. पोथी जीर्ण होण्याआधी दुसरी लिहून काढायची, जुनीशी ताडून पाहायची आणि दोन गावांत दोन प्रती असू द्यायच्या, हा तिचा नेम होता. ज्या पोथीची नक्कल कुणी केली नाही, ती बहुधा संपली.

डिजिटल नोंदीच्या बाबतीत आपली चूक इथेच होते. आपण तिला दफ्तरासारखे वागवतो. सीडीवर उतरवले, डब्यात ठेवले, वर तारीख लिहिली, काम झाले, असे मानतो. पण डिजिटल नोंद दफ्तराच्या जातीची नाही. ती पोथीच्या जातीची आहे. ठरावीक वर्षांनी नवी प्रत केली तरच ती पुढे जाते. कपाटात ठेवून विसरली, तर वाळवी न लागताही जाते.

नोंद हरवण्याच्या वाटा

*माध्यम खराब होणे.* घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर उमटलेली असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर बिघडतो. हार्ड डिस्कमध्ये फिरणारे भाग असतात आणि ते कधीतरी बंद पडतातच. म्हणून पाच वर्षांनंतर एकाच हार्ड डिस्कवर विसंबू नये असे मानतात. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास तो भार ओसरू शकतो. कॅसेटीच्या फितीवर चुंबकीय कण चिकटवलेले असतात. दमट हवेत चिकटद्रव्य सैल होते आणि फितीला बुरशी लागते.

*यंत्र नाहीसे होणे.* माध्यम धडधाकट आहे, पण ते वाचणारे यंत्र मिळत नाही, असेही होते. साडेतीन इंची फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट माहिती मावत असे. सोनी कंपनीने तिची विक्री २०११ साली थांबवली. व्हीएचएस कॅसेट वाजवणारी यंत्रे बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई. तिनेही २०१६ साली उत्पादन बंद केले. नव्या लॅपटॉपांत सीडीचा कप्पाही बहुधा नसतो. एखाद्या घरात लग्नाची व्हीएचएस कॅसेट असेल, तर आज प्रश्न कॅसेटीइतकाच यंत्राचाही आहे.

*सॉफ्टवेअर बदलणे.* फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये केली, ते बंद पडले की फाइल असूनही उघडत नाही. १९९० नंतरच्या स्मरणिकांचे डीटीपी मोठ्या प्रमाणावर पेजमेकरमध्ये होत असे. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली.

*सेवा बंद होणे.* इंटरनेटवर चढवले म्हणजे कायमचे झाले, असा समज आहे. जिओसिटीज या सेवेवर लोकांनी फुकट संकेतस्थळे उभारली होती. जपान वगळता ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. भारतात घराघरांत पोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्समधील जुना मजकूर २०१९ च्या अखेरीस काढायला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी ती सेवाच संपली. मायस्पेसने २०१९ साली सांगितले, की एका स्थलांतरात २०१५ पर्यंत चढवलेले संगीत गेले. त्यात पाच कोटींहून अधिक गाणी होती. सेवा चालवणारे बहुतेकदा आधी सूचना देतात. पण ती ज्या ई-मेलवर येते, तो पाहणारा पदाधिकारी तोवर बदललेला असतो.

*संदर्भ हरवणे.* फाइल आहे, उघडतेही आहे, पण त्यात कोण आहे, कुठले आहे, कधीचे आहे, हे कुणालाच माहीत नाही. ही वाट सर्वांत कमी दिसते आणि आपल्या मंडळांत सर्वांत जास्त नुकसान हीच करते. तिच्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

डूम्सडे प्रकल्पाचा धडा

इंग्लंडमध्ये विल्यम राजाच्या हुकमाने १०८६ साली जमिनींची आणि मालमत्तांची एक मोठी मोजणी झाली. तिच्या चोपड्यांना डूम्सडे बुक म्हणतात. चामड्याच्या पानांवर शाईने लिहिलेली ती नोंद आजही तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि वाचता येते.

तिला नऊशे वर्षे झाली त्या निमित्ताने बीबीसीने १९८६ साली नवा डूम्सडे प्रकल्प पुरा केला. दहा लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले आणि त्यांत शाळकरी मुले फार होती. आपल्या गावात दुकाने किती, लोक काय खातात, मुले काय खेळतात, हे त्यांनी लिहून पाठवले, फोटो दिले. हे सारे त्या काळच्या सर्वांत पुढारलेल्या साधनावर, लेझर डिस्कवर, उतरवले. ती वाचायला खास यंत्र आणि खास संगणक लागत असे.

सोळा वर्षांत, २००२ च्या सुमारास, ती यंत्रे इतकी दुर्मीळ झाली की हा ठेवा हातचा जातो की काय, अशी चिंता जाहीरपणे व्यक्त होऊ लागली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर तयार केले आणि माहिती पुन्हा दिसली. २०११ साली बीबीसीने तिचा मोठा भाग संकेतस्थळावर ठेवला. ते संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले आणि त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागारात गेली.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, उत्तम साधन निवडले तरी ते एका पिढीपुरतेसुद्धा पुरत नाही. दुसरी, तरीही ती नोंद वाचली, कारण दर वेळी कुणीतरी ती आपली मानून पुढच्या साधनावर नेली. आपल्या मंडळाच्या नोंदीसाठी दोन विद्यापीठे धावून येणार नाहीत. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

मराठीचा स्वतंत्र प्रश्न : जुने फॉन्ट

इंग्रजी मजकुराला जी अडचण फारशी येत नाही, ती मराठीला येते. संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. त्यात ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि पहिल्या वेलांटीचा २३६७. जगातल्या कुठल्याही संगणकावर, कुठल्याही युनिकोड फॉन्टमध्ये, २३२५ म्हणजे ‘क’च. त्याच वर्षी इस्की हे भारतीय प्रमाणही ठरले होते. पण आपल्या घरच्या आणि छापखान्याच्या संगणकांत युनिकोड मराठी सहज चालू लागायला २००० साल उजाडावे लागले. विंडोज २००० मध्ये ती सोय आली आणि अंगवळणी पडायला पुढे आणखी कित्येक वर्षे गेली.

मधल्या काळात छपाई श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा निरनिराळ्या प्रणालींच्या फॉन्टांत झाली. त्या प्रणालींनी मराठी छपाईचे मोठे काम केले, हे विसरता येणार नाही. पण त्यांची युक्ती अशी होती, की संगणकाच्या दृष्टीने साठवलेले अक्षर रोमनच असायचे आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचा आकार काढायचा. प्रत्येक प्रणालीची आकार बसवण्याची पद्धत निराळी. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर फाइल उघडते, पण समोर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते.

मोडीशी तुलना करून पाहिली तर अडचण किती मोठी आहे ते कळते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जात होती. आज ती वाचणारे थोडे आहेत, पण आहेत. तिचे वर्ग चालतात, पुस्तके मिळतात, आणि २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीलाही स्वतंत्र क्रमांक मिळाले. १९९७ सालच्या स्मरणिकेची पेजमेकरमधील फाइल ही मात्र अशी मोडी आहे, की जिचा वर्ग कुठेच चालत नाही.

अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत. पण त्यांतून आलेला मजकूर न तपासता वापरू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी, व्यंजनाच्या आधी टंकित होत असे. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचे उलट होते : जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये त्यातला ‘र्’ आधी येतो. अर्धी अक्षरे काना जोडून पूर्ण केलेली असत. त्यामुळे रूपांतरात वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, जोडाक्षरे फुटतात आणि माणसांची आडनावे बिघडतात. एकनाथांनी जे पोथीचे केले, तेच इथे करावे लागते. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न्‌ ओळ ताडून पाहायची.

पीडीएफविषयीही एक गैरसमज आहे. जुन्या फॉन्टात केलेली पीडीएफ नीट दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण तिच्यातील एखादा शब्द शोधला तर सापडत नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर पुन्हा तीच खिचडी होते. डोळ्यांना ती मराठी आहे, संगणकाला नाही.

नाव नसलेला फोटो

जुन्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले असे : ‘गणेशोत्सव, डावीकडून अमुक, तमुक, मागे उभे अमके.’ फोटो स्टुडिओत काढलेला असेल तर खाली शिक्काही असे. आज एका कार्यक्रमाचे चारशे फोटो निघतात आणि एकाच्याही पाठीवर काही नसते, कारण त्याला पाठच नसते.

मोबाइलने काढलेल्या मूळ फोटोत तारीख, वेळ आणि कधी कधी ठिकाणही आपोआप नोंदलेले असते. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आकार लहान होतो आणि ही नोंद गळून पडते. पुढे हातात येतो तो पाठवणीची पाठवणी झालेला, धूसर आणि बिनतारखेचा फोटो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

पण कुठलाही मोबाइल ‘डावीकडून तिसरी कोण’ हे नोंदवत नाही. ते माणसालाच ठाऊक असते. १९६० किंवा १९७० च्या दशकातील नाटकाच्या फोटोत नायिकेची भूमिका कुणी केली, पेटीवर कोण होते, पडदा कुणी रंगवला, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. फोटो पुढच्या वर्षी स्कॅन केला तरी चालेल. आजोबांना विचारायचे मात्र पुढच्या वर्षावर टाकू नये. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवावा. आधी माणसांना विचारून नावे लिहून घ्यावीत, मग स्कॅनिंगकडे वळावे.

ही नोंद आपल्याशिवाय कुणाची?

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून हे शहर गुजरात राज्यात आहे. संस्थानकाळातील सरकारी कागदांची काळजी घेणारी खाती आहेत. पण त्यानंतरचे इथले मराठी जीवन सरकारी कागदांत फारसे उमटत नाही. वाड्यांतले गणपती, हौशी नाट्यसंस्था, भजनी मंडळे, मराठी शाळांचे मेळावे, वधूवर सूचक मंडळांच्या याद्या, हळदीकुंकवाचे आणि व्याख्यानमालांचे हिशेब यांची नोंद आपल्या कपाटांत आणि आपल्या मोबाइलांतच आहे. महाराष्ट्रातील संस्था ती गोळा करायला इथवर येतील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव इथल्या मंडळांचे चित्र यापेक्षा फार निराळे नसावे.

पूर्वी एका गोष्टीने आपल्याला नकळत सांभाळले. स्मरणिका छापली जाई आणि पाचशे प्रती पाचशे घरांत जात. त्यांतल्या साडेचारशे रद्दीत गेल्या तरी पन्नास कुठेतरी उरत. आता ई-स्मरणिका एका संदेशाबरोबर पाचशे मोबाइलांवर पोचते आणि जागा भरली की पाचशे मोबाइलांवरून पुसली जाते. छापील प्रतींचे विखुरणे हाच त्यांचा विमा होता. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९९ साली ग्रंथालयांसाठी जी योजना सुरू केली, तिचे सूत्रही हेच आहे : पुष्कळ ठिकाणी प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते.

प्रती एकाच ठिकाणी असण्याचा धोका बडोदेकरांना वेगळा सांगायला नको. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर आपण पाहिला आहे. तळमजल्यावरचे कपाट, त्यातले अल्बम आणि शेजारची हार्ड डिस्क एकाच पाण्यात भिजतात.

मंडळांसाठी आणि घरांसाठी कामाची यादी

१. *यादी करा.* कपाटात आणि कपाटाबाहेर काय आहे, ते एका वहीत लिहा : वस्तू, साल, कुणाकडे आहे, वाचता येते की नाही. ही वही कागदाचीच असावी.

२. *निकडीचा क्रम लावा.* आधी वयस्कर मंडळींच्या आठवणी, मग कॅसेटी, व्हीएचएस आणि फ्लॉपी, मग घरी लिहिलेल्या सीडी, मग फोटो. छापील स्मरणिका आणि वह्या शेवटी घेतल्या तरी चालतील. त्या तग धरून राहतात.

३. *कॅसेट तपासल्याशिवाय वाजवू नका.* फितीवर पांढरे डाग, बुरशी दिसली, तर जाणकाराकडे न्या. वाजवायची तेव्हा पहिल्याच खेपेला ध्वनिमुद्रण करून घ्या. मूळ प्रत वेव्ह प्रकारात ठेवा आणि ऐकण्या-पाठवण्यासाठी एमपीथ्री करा.

४. *स्कॅन नीट करा.* छापील मजकुराला ३०० डीपीआय आणि फोटोंना ६०० डीपीआय पुरेसे आहे. मूळ प्रत टिफ प्रकारात ठेवा. जेपेग पुन्हा पुन्हा बदलून साठवली की दर वेळी थोडी बिघडते. फोटोची पाठही स्कॅन करा.

५. *फाइलला नाव द्या.* आधी साल, मग महिना, मग प्रसंग, मग क्रमांक. कॅमेऱ्याने दिलेले नाव तसेच ठेवले तर दहा वर्षांनी त्यातून काही कळत नाही. सोबत साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि तीत माणसांची नावे, जागा आणि माहिती कुणी दिली ते लिहा.

६. *सर्वमान्य प्रकार वापरा.* नवा मजकूर युनिकोडमध्येच टंकित करा. कायम ठेवायच्या पीडीएफसाठी पीडीएफ-ए हा प्रकार निवडा. तो दीर्घकाळ जतनासाठीच २००५ साली प्रमाण म्हणून ठरला आणि त्यात फॉन्ट फाइलमध्येच बसवलेले असतात. स्मरणिकेचे काम देताना छापखान्याकडून पीडीएफबरोबर युनिकोड मजकूरही मागून घ्या.

७. *तीन प्रती ठेवा.* तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. एक मंडळाच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन साठवणीत आणि एक पुण्याला किंवा इंदूरला असलेल्या सभासदाकडे, अशी वाटणी सोपी पडते. दोन गावांतील मंडळांनी एकमेकांच्या प्रती सांभाळल्या तर आणखी चांगले.

८. *सार्वजनिक ठेवा.* जे सर्वांसाठी खुले करता येते, ते इंटरनेट आर्काइव्ह या १९९६ पासून चालणाऱ्या ना-नफा संग्रहात चढवता येते. मात्र तोही एकमेव आधार मानू नये. ऑक्टोबर २०२४ मधील हल्ल्यानंतर तो काही दिवस बंद होता. खुले करण्याआधी लेखकाची किंवा वारसांची परवानगी घ्या. लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी असलेल्या याद्या सार्वजनिक करू नका.

९. *वर्षातून एकदा उघडून पाहा.* एक दिवस ठरवून, समजा दसऱ्याच्या आसपास, प्रत्येक प्रतीतील काही फाइली उघडून पाहा. पाच वर्षांनी सर्व काही नव्या हार्ड डिस्कवर उतरवा.

१०. *निवडक भाग कागदावर ठेवा.* वार्षिक अहवाल, इतिवृत्त आणि वर्षाचे दहा-बारा फोटो नावांसह छापून बांधून घ्या. चारशे फोटोंची गरज नाही.

पासवर्ड आणि पदाधिकारी

या यादीत न बसणारी, पण सर्वांत जास्त अडवणारी बाब म्हणजे पासवर्ड. मंडळाचे ई-मेल खाते, संकेतस्थळाचे डोमेन, ऑनलाइन साठवण, व्हिडिओंची वाहिनी ही बहुधा कुणा एका उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर आणि त्याच्या मोबाइल क्रमांकावर असतात. तो परगावी गेला, कामातून बाजूला झाला किंवा अचानक गेला, की मंडळ स्वतःच्याच घराबाहेर उभे राहते. डोमेनचे नूतनीकरण राहिले, तर ठरावीक मुदतीनंतर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो आणि मग जुन्या स्मरणिकांतला तो पत्ता भलत्याच ठिकाणी नेतो.

म्हणून ही खाती मंडळाच्या नावाने, मंडळाच्या ई-मेलवर असावीत. पासवर्ड निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावेत आणि बंद लिफाफ्यात तिजोरीतही असावेत. वार्षिक सभेत शिल्लक रक्कम आणि किल्ल्या नव्या कार्यकारिणीकडे सोपवतो, तसा या नोंदींचाही पदभार सोपवावा आणि त्याची ओळ इतिवृत्तात यावी. कोषाध्यक्ष पैशांचा हिशेब देतो, तसा ‘नोंदी कुठे आहेत, किती प्रती आहेत, शेवटच्या कधी तपासल्या’ याचा हिशेब देणारा एक माणूस कार्यकारिणीत हवा. फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. चिकाटी लागते.

घरांनाही हेच लागू आहे. आईवडिलांच्या मोबाइलमधले फोटो, आजीच्या आवाजातली ओवी, काकांच्या ई-मेलमधली वंशावळ यांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे.

सुरुवात कुठून करावी

एवढे सगळे एकदम होणार नाही आणि त्याची गरजही नाही. येत्या रविवारी एक जुना अल्बम घेऊन घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडे जावे. मोबाइलचे ध्वनिमुद्रण सुरू करून एकेका फोटोतली नावे विचारावीत, परवानगी घेऊन पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावीत. घरी येऊन ती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवावीत आणि तिच्या तीन प्रती कराव्यात. एका पोथीची पहिली नक्कल झाली. पुढची कुणी आणि कधी करायची, तेही त्याच फाइलच्या शेवटी लिहून ठेवावे.